पुठ्ठ्याआडचा फासा

पोहे संपले तशी मुलानं बशी खाली ठेवली, पिशवीत हात घातला आणि आमच्या टीपॉयवर एक पुस्तक ठेवलं. वरच्या पानावर एक पूल होता आणि पुलाखालनं एक राक्षस डोकं वर काढून माझ्याकडं बघत होता.

मी मुलाच्या आईकडं बघितलं. तिनं पदर सारखा केला.

“हे काय?” मी विचारलं.

“माझं काम,” मुलगा म्हणाला. “तुम्ही निरोप पाठवला होता ना, माल बघितल्याशिवाय बोलणी नाहीत म्हणून. हा माल.”

निरोप मीच पाठवला होता. केतकीचं स्थळ होतं. केतकी म्हणजे माझी नात, माझ्या लेकाची, सुधाकरची थोरली, पुण्यात औषधाच्या कंपनीत नोकरीला. मुलगा विट्याचा, विश्वजित वरुटे. आमच्यातलाच, कोष्ट्यांचा. स्थळ केतकीच्या मामानं आणलेलं. मुलगा काय करतो म्हणून मामाला विचारलं, तर म्हणाला, “खेळ लिहितो.” मी म्हटलं, खेळ खेळतात, लिहितात कधी? मामा म्हणाला, “मला पण नीट कळलं नाही, अक्का. पण पैसे येतात.”

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आमचे माग गेले, बाहेरच्या सोप्यातला तो मोठा कॉटसुद्धा गेला. तेव्हा मात्र इचलकरंजीत मागांचा खडखडाट होता आणि आमच्या घरात माझा. मी शाळा चौथीत सोडली. पण हे गेल्यावर माग मी चालवले, आणि माझ्या हाताखालनं गेल्याशिवाय एक तागा घराबाहेर पडला नाही. सुलट बाजूनं कापड कुणीही चांगलं दाखवतो. मी उलटं करून बघायची. गाठी, सुटलेले धागे, सगळं मागच्या बाजूला असतं.

म्हणून मी पुस्तक पण उलटं केलं. मागं बारीक इंग्रजी.

“परदेशातल्या कंपनीनं छापलंय,” केतकी म्हणाली. “मी वाचलंय, आजी. चांगलंय.”

“तू कधी वाचलंस?”

“स्थळ आल्यावर. विकत घेतलं.”

“पुस्तकाशी लग्न लागणार आहे का तुझं?” मी म्हटलं. मग मुलाकडं वळले. “लोक हे घेतात आणि काय करतात?”

“चारपाच जण बसतात. एक जण पुस्तक हातात घेऊन गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुठं जायचं, काय करायचं, ते त्यांनी ठरवायचं.”

“आणि शेवट?”

“शेवट कुणालाच माहीत नसतो.”

“तुम्हाला पण नाही? मग लिहिलंत काय?”

तो हसला नाही, हे मी ध्यानात ठेवलं. तो म्हणाला, “गाव लिहिलंय, नदी, माणसं, राक्षस. कोण काय करणार ते लिहिता येत नाही.”

“जिंकतं कोण?”

“तसं कुणी नाही.”

“हरतं कोण?”

“कधी कधी सगळे.”

मी सुधाकरकडं बघितलं. सुधाकर पंख्याकडं बघत होता.

“आजी,” मुलगा म्हणाला, “हे नुसतं बघून कळत नाही. बसून बघावं लागतं. बसता का?”

सुधाकर घसा खाकरून म्हणाला, “अहो, अक्कांना ह्यातलं काही…”

“अक्कांना काय?” मी म्हटलं. “मांडा तुमचं दुकान.”

सोप्यात सतरंजी टाकली. केतकी आणि मुलगा समोरासमोर बसले, मुलाची आई शैलजाताई एका अंगाला. ह्या बाई विट्यात शिवणाचे क्लास घेतात, तोंडानं गरीब वाटल्या होत्या. माझे गुडघे धरलेले, म्हणून मी कॉटवरच बसले. मुलानं पिशवीतनं एकेक वस्तू काढली. हातानं काढलेला नकाशा. बोटाएवढी माणसं. वीस तोंडांचा एक फासा, प्रत्येक तोंडावर आकडा. मग वीतभर उंचीचा एक घडीचा पुठ्ठा काढून त्यानं स्वतःपुढं उभा केला आणि त्याच्या आड पुस्तक उघडलं.

“हा पडदा कशाला?”

“पुढं काय आहे ते तुम्हाला दिसू नये म्हणून. माझे फासे पण मी आडच टाकतो.”

मला ते आवडलं नाही. म्हटलं, पुढं बघू.

“तुम्ही कोण होणार, आजी?”

“मी आहे ती आहे.”

“खेळात. योद्धा, वैदू, मांत्रिक, चोर.”

“चोर कोण होणार आहे?”

“मी,” केतकी म्हणाली.

मुलगा बघायला आलाय, सोबत त्याची आई आहे, आणि माझी नात भरल्या घरात सांगते की मी चोर. स्वयंपाकघराच्या दारात माझी सून मंदा उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला.

“मी योद्धा,” शैलजाताई म्हणाल्या. “मी कायमच योद्धा असते. प्रत्येक पुस्तक हा आधी माझ्यावरच खेळून बघतो.”

मी म्हटलं, “मी म्हातारी होणार. काठीवाली.”

मुलानं पानं उलटली. “म्हातारी नाहीये ह्यात.”

“मग तुमचं पुस्तक अपुरं आहे.”

त्यानं जरा विचार केला. “होय, अपुरं आहे,” म्हणाला, आणि एका कागदावर लिहून घेतलं. म्हातारी, काठी, वैदूपणाचं थोडं ज्ञान. वाद घातला नाही. तेही मी ध्यानात ठेवलं.

माझ्या वाट्याला बाहुली उरली नव्हती, तर केतकीनं पानाच्या ताटातली सुपारी उचलून नकाशावर ठेवली. “ही तू.”

“अगं, पूजेला जे माणूस हजर नसतं त्याच्या जागी सुपारी मांडतात,” मी म्हटलं. “मी इथं धडधडीत बसलेय.”

“नकाशात नाहीस ना तू. नकाशात सुपारी आहे.”

इथनंच माझं डोकं गरगरायला लागलं. मी बोलते ते मी बोलते का सुपारी बोलते, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. मुलगा विचारायचा, “आजी, म्हातारी काय करते?” आणि मी म्हणायची, “बसलेय की.” मग केतकी कपाळाला हात लावायची.

पण गावात शिरल्यावर जरा सूर लागला. नदीकाठचं गाव, आणि नदीवरच्या पुलाखाली राक्षस येऊन बसलेला. पूल ओलांडून पलीकडं गेल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नव्हती. मी म्हटलं, आधी गाव बघते.

“शिरताना पहिलं घर कुणाचं?”

“लोहाराचं. बायको बाळंतीण आहे, म्हणून भट्टी बंद.”

“कुणाकडं आलीय बाळंतपणाला? सासरी का माहेरी?”

“सासरीच. माहेर पुलापलीकडं आहे.”

हे त्यानं पुस्तकात न बघता सांगितलं. मी आणखी खोदलं. पाणी कुठनं आणतात, गुरं कुठं चरतात, राक्षस यायच्या आधी पुलावरनं कोण जायचं-यायचं. त्याला सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, हे कापड उलटं केलं तरी बाजू साफ आहे.

“पाण्याला जाणाऱ्या बायकांना विचारा,” मी म्हटलं, “राक्षस झोपतो कधी?”

“झोपतच नाही म्हणतात.”

मी विचारलं म्हणून राक्षस लगेच झोपला असता, तर मला मुलगा आवडला नसता. केतकीकडं बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती. मी तोंड फिरवलं.

मग पूल आला. केतकी म्हणाली, ती पुलाच्या खालच्या तुळईला धरून हळूच पलीकडं जाणार, राक्षसाच्या पाठीमागनं. शैलजाताई तलवार काढणार होत्या.

“कुणी हलायचं नाही,” मी म्हटलं. “मी बोलते त्याच्याशी.”

“आजी, एकटी नको जाऊस.”

“आख्ख्या भावकीची भांडणं मिटवलीत मी. तू मागं थांब. शैलजाताई, तुम्ही पण.”

माझी सुपारी पुलावर गेली. मुलानं आवाज बदलला. अंगानं काटकुळा, पण तो आवाज असा काही निघाला की मंदा आत निघून गेली. राक्षस म्हणाला, “कोण आहे?”

“कोण आहे म्हणून मला विचारतोस? तू कुणाचा ते सांग.”

“मी कुणाचाच नाही.”

“आईबाप कुठं आहेत?”

“खाल्ले.”

“मग आता लोकांच्या नदीत येऊन बसलास होय? गावात बाळंतीण आहे. तिचं माहेर पलीकडं आहे. ऊठ तिथनं.”

शैलजाताई तोंड दाबून हसत होत्या. मुलगा आपल्या आवाजात म्हणाला, “छान बोललात. आता फासा टाका. त्याला पटतंय का बघू.”

मी फासा टाकला. दोन पडले.

“फार कमी, आजी,” केतकी म्हणाली.

“कमी कशाला? बोलले ते बरोबर बोलले.”

“बरोबरच बोललात,” मुलगा म्हणाला. “त्याला पटलं नाही.”

ह्यात न्याय कसला ते मला कळलं नाही. माणूस बरोबर बोलतो आणि ठोकळा सांगतो चूक. केतकीनं समजावलं की जितका आकडा मोठा तितका जोर जास्त, आणि राक्षसाला वीस पडले तर सगळ्यात वाईट, ज्याच्यावर सोटा उगारलाय तो संपला.

“राक्षसानं सोटा उचललाय,” मुलगा म्हणाला, आणि पुठ्ठ्याच्या आड फासा टाकला.

आता एक गोष्ट तो विसरला होता. पुठ्ठा सतरंजीवर बसणाऱ्यांसाठी होता. मी कॉटवर होते. आणि मोतीबिंदू काढल्यापासून मला लांबचं लख्ख दिसतं. फासा पुस्तकाच्या कडेला लागून थांबला. वर वीस होते.

त्यानं फाशाकडं बघितलं. मग माझ्या सुपारीकडं. आणि म्हणाला, “चार. सोटा हुकला. आजी वाचल्या.”

शैलजाताईंनी सुस्कारा सोडला. सुधाकर पण हसला. मला मात्र एकदम एसटीतलं आठवलं. मिरजेच्या डॉक्टरकडनं परत येताना हे खिडकीशी बसले होते. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाले, “पित्त आहे.” त्या साली त्यांनी दिवाळी बघितली नाही. नंतर आमचा जॉबर, मागांची दुरुस्ती बघणारा, मला म्हणाला, मालकांना सगळं माहीत होतं, बाईंना सांगू नका म्हणाले. मागावरच्या माणसाला माहीत, आणि मला नाही. का, तर मला त्रास नको. त्या चांगुलपणाचा राग माझ्या मनातनं अजून गेलेला नाही.

“किती पडले?” मी विचारलं.

“चार, आजी.”

“पुन्हा सांग.”

इतका वेळ मी त्याला अहो-जाहो करत होते. ते गेलं तसे सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मला कॉटवरनं दिसतंय,” मी म्हटलं. “वीस आहेत.”

“विशू,” शैलजाताई हळू आवाजात म्हणाल्या.

तो म्हणाला, “पहिल्यांदाच बसलात तुम्ही. इतक्या रंगून बोलत होता. वाटलं, लगेच मरण नको.”

“केतकी, तू वाचलंयस ना हे? ह्याच्या पुस्तकात काय सांगितलंय?”

केतकीनं मुलाकडं बघितलं.

“सांग की.”

“पडेल तो आकडा सांगायचा,” केतकी म्हणाली. “पडद्याआड खोटा आकडा सांगून कुणाला वाचवायचं नाही, असं लिहिलंय. पहिल्याच पानावर आहे.”

“ह्यानंच लिहिलंय?”

“ह्यांनीच.”

मी पार गोंधळले. पुस्तक खरं, तर माणूस खोटा. माणूस चांगला म्हणावं, तर पुस्तक नुसतं लोकांना सांगायला. ताग्यात दोष असला तर मला बोटाला लागतो. इथं दोष कुठला आणि नक्षी कुठली, तेच हाताला लागेना.

“तुम्हाला असं वाचवतो का हा?” मी शैलजाताईंना विचारलं.

“मला?” त्यांना खोटं बोलता येत नसावं. “मला नाही हो. मला ह्याच पुलावर कितीदा मारलंय. तोंडावर सांगतो, आई, तू गेलीस, ऊठ आता, चहा कर.”

“म्हणजे आईला खरं आणि मला खोटं.”

“तुम्ही पाहुण्या, आजी,” मुलगा म्हणाला.

“पाहुणा तू आहेस. घर माझं आहे.” मी जरा पुढं सरकले. “उद्या ही तुझ्या घरात आली. हिला तू घरचं धरणार का पाहुणी? नोकरी सुटली, डॉक्टरनं काही सांगितलं, तर हिला आकडा सांगणार का चार म्हणणार?”

“अक्का, पुरे,” सुधाकर म्हणाला. “खेळ आहे तो.”

“तू गप. मी ह्याला विचारलंय.”

मुलगा फासा हातात घेऊन फिरवत बसला. मग म्हणाला, “खरं सांगू का? मला माहीत नाही. समोरचं माणूस खुशीत असलं की माझ्यानं सांगवत नाही. म्हणूनच पुस्तकात लिहून ठेवलं.”

हे ऐकून मी आणखी चक्रावले. असलं उत्तर कुणी स्थळाला आल्यावर देतं का? खरं बोलू शकत नाही, हे तो खरं बोलत होता. मी काठी घेतली. हे असं काही समजेनासं झालं की मी उठते आणि माणसांना पण उठवते, ही माझी रीत. पोहे झाले होते, चहा झाला होता. ‘कळवतो’ म्हणायचं आणि फाटकापर्यंत पोचवायचं, एवढंच राहिलं होतं.

मी बोलायच्या आत केतकीनं हात लांब करून पुठ्ठा उचलला. घडी घातली आणि माझ्या कॉटखाली सरकवून दिला. पुस्तक, फासा, मुलाचे हात, सगळं उघडं पडलं.

“वीस पडले,” ती म्हणाली. “आजी मेली.” आणि माझी सुपारी नकाशावरनं उचलून पानाच्या ताटात ठेवली. “आता माझी पाळी.”

“अगं, माझं बोलणं चाललंय,” मी म्हटलं.

“मेलेल्यांनी बोलायचं नसतं, आजी. तसा नियम आहे.”

“कुणाचा नियम?”

“पुस्तकाचा. तूच विचारलंस ना, पुस्तकात काय सांगितलंय म्हणून.”

ह्या घरात मला कुणी गप्प केलेलं नव्हतं. ह्यांनीसुद्धा नाही. मी सुधाकरकडं बघितलं, तर तो कधी नव्हे ते सतरंजीकडं वाकून बघत होता. मंदा पुन्हा दारात येऊन उभी राहिली होती. मी काठी कॉटला टेकवून ठेवली.

केतकी पुलाखालनं निघाली. तुळईला धरून, लोंबकळत. अर्ध्यात गेल्यावर राक्षसाला चाहूल लागली. मुलानं फासा उचलला, आणि आता आडोसा नव्हता. तो फासा सतरंजीवरनं गडगडत केतकीच्या गुडघ्याशी जाऊन थांबला. सगळ्यांनी माना लांब केल्या. आकडा तिनंही बघितला होता, पण ती बोलली नाही. त्याच्या तोंडाकडं बघत बसली.

त्यानं पुढं वाकून आकडा बघितला.

“सतरा,” तो म्हणाला. “तुला लागलंय. डावा हात गेला.”

“बरा होईल?”

त्यानं तिच्या बाहुलीकडं बघितलं. मला वाटलं, आता चार म्हणतोय.

“नाही,” तो म्हणाला. “ह्या गोष्टीत तरी नाही व्हायचा.”

सकाळपासून दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होती. ते कधी गळून पडलं, त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

“उजवा आहे ना?” केतकीनं विचारलं.

“आहे.”

“त्यात काय आहे?”

“दोर.”

“मग ऐक,” ती म्हणाली, आणि नकाशावर ओणवी झाली. तोही ओणवा झाला. डोक्याला डोकं लागायचं बाकी राहिलं. तिचं म्हणणं, दोर तुळईला बांधून खाली उतरायचं आणि नदीतनं जायचं. तो म्हणाला, पाणी थंड आहे, एका हातानं पोहता येणार नाही. ती म्हणाली, आईंना बोलव, त्या योद्धा आहेत ना. शैलजाताई म्हणाल्या, मला पोहता येत नाही. तिघंही हसायला लागली. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. दोर आधी पुलाच्या खांबाला गुंडाळायला पाहिजे, एवढं मात्र कळलं, म्हणून मी म्हटलं, “अगं, दोर आधी…”

केतकीनं वर न बघता नुसतं बोट ओठाला लावलं.

मी गप्प बसले. वरनं बघत राहिले. ती एका हातानं उतरत होती, पाण्याला किती ओढ आहे ते तो तिला सांगत होता, आणि जे सांगत होता त्यात तिच्या सोयीचं फार थोडं होतं. ती चिडायची, पुन्हा विचारायची, तो पुन्हा तेच सांगायचा. मला कुणी काही विचारत नव्हतं. कॉटवर बसल्या बसल्या मला कसंसंच झालं. वाईट म्हणावं तर वाईट नव्हतं. बरं म्हणावं तर तसंही नव्हतं.

जरा वेळानं शैलजाताईंचा योद्धा दमला असावा, का त्यांनी मुद्दामच त्याला काठावर बसवलं, कुणास ठाऊक. त्या उठून माझ्या कॉटपाशी आल्या. सुधाकर पण खुर्ची ओढून जवळ आला. मंदा हात पुसत आली.

ह्या घरातली जेवढी लग्नं ठरली ती ह्याच कॉटवर ठरली. माझ्या नणंदांची, सुधाकरचं, माझ्या लेकीचं. सगळे येऊन असेच उभे राहायचे, आणि मी हो किंवा नाही म्हणायची, मग आत पानं घ्यायची लगबग.

“अक्का,” शैलजाताई दबक्या आवाजात म्हणाल्या, “मग आम्ही काय समजायचं? घरी जाऊन काय सांगू?”

सुधाकर माझ्या तोंडाकडं बघत होता. खाली सतरंजीवर केतकी म्हणत होती, “नाही, मी नाही परत फिरणार.”

“मला काय विचारता,” मी म्हटलं. “मी मेलेय.”